जीवनाचा अर्थ आणि बंद पडलेली गिरणी

जीवनाचा अर्थ सांगणाऱ्या शिबिरांचे, ग्रंथांचे आणि प्रवचनांचे सध्या पेव फुटले आहे. साऱ्यांचा निष्कर्ष एकच: अर्थ बाहेर शोधू नका, तो अंतर्यामी आहे, परिस्थिती बदलण्याच्या खटाटोपात न पडता दृष्टी बदला. हा उपदेश निरुपद्रवी नाही. ज्याचे काम गेले त्याला तो बजावतो की, तुझे रितेपण ही तुझ्याच मनाची उणीव आहे.

या मताची परीक्षा पूर्वीच झालेली आहे. व्हिएन्नाजवळील मारिएन्थाल या गावाचे जीवन एका कापडगिरणीवर उभे होते. जागतिक मंदीत, १९३० पर्यंत गिरणी पूर्ण बंद पडली आणि बहुतेक कुटुंबे बेकार झाली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल यांनी तेथील जीवनाचा अभ्यास करून तो १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. आत्मचिंतनास हवा तेवढा वेळ आता गावकऱ्यांपाशी होता. मग घडले काय? कामगारांच्या ग्रंथालयातून, शुल्क माफ असूनही, पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. राजकीय वृत्तपत्रांचे ग्राहक घटले. पुरुषांची चाल मंदावली. पुष्कळांनी घड्याळ वापरणे सोडले. दिवसभर काय केले, हे त्यांना सांगता येईना. स्त्रियांच्या दिवसाला मात्र आकार उरला, कारण बिनमोबदल्याचे घरकाम कधीच बंद पडत नाही.

त्याच १९३३ साली, त्याच व्हिएन्नातील मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी बेकार तरुणांच्या नैराश्यावर लिहिले. हे तरुण युवकसंघटना, प्रौढशिक्षण, ग्रंथालये यांत विनावेतन काम करू लागले की त्यांचे नैराश्य ओसरे, भूक मात्र तशीच राही, असा त्यांचा अनुभव होता. अर्थाचे व्यापारी आज हाच दाखला पुढे करतात. परंतु तो त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतो. त्या तरुणांना बरे केले ते डोळे मिटून केलेल्या ध्यानाने नव्हे, तर इतरांसाठी, इतरांसमवेत केलेल्या कामाने. आणि भूक तशीच राहिली, हे वाक्य वाचून पुढचे पान उलटणे आम्हाला जमत नाही.

कोणी विचारील, गिरणीतले काम तरी कोठे अर्थपूर्ण होते? प्रश्न रास्त आहे. परक्याच्या मालकीचे श्रम श्रमिकाला स्वतःपासूनच परके करतात, हे मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत दाखवून दिले. तरीही कामगारांनी गिरणीच्या छायेतच आपली संघटना, आपले ग्रंथालय, आपली नाटकमंडळी उभारली होती. भांडवलशाही अर्थ दोनदा हिरावते: कामावर ठेवताना एकदा, कामावरून काढताना पुन्हा. मुंबईच्या गिरणगावाने हे भोगले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद झाल्या, त्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे चढले. ज्यांच्या घामावर त्या गिरण्या चालल्या, त्यांना आता मनःशांतीचे धडे द्यायचे काय?

भारतीय संविधानाच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. पण ३७ व्या कलमान्वये तो न्यायालयात मागता येत नाही. जीवनाच्या अर्थाचा प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच तो प्रवचनकारांवर सोडून चालणार नाही. प्रत्येकाला काम, त्या कामावर श्रमिकांची सत्ता आणि वाचण्या-विचार करण्यापुरती फुरसत, हे त्याचे उत्तर आहे. ते एकट्याला सापडत नाही. ते संघटित लढ्याने मिळवावे लागते.