संस्कृतीचे खापर कोणाच्या माथी?



परदेशी कंपनीचे गणित इथे चुकले, की तिचे पंडित एकच शब्द पुढे करतात: संस्कृती. म्हणे इथला शेतकरी शिस्त पाळत नाही, पाकिटावरचे वाचत नाही. बीटी कपाशीच्या रेफ्युजीबद्दल आपल्याला हेच ऐकवले गेले.

मोन्सँटो ही अमेरिकेतल्या सेंट लुईसची कंपनी. तिचे भारतातले कार्यालय मुंबईत, अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफा रस्त्यावर होते. (2018 मध्ये ती बायरने विकत घेतली.) जालन्याच्या महिकोशी भागीदारी करून तिने बीटी आणले, मार्च 2002 मध्ये दिल्लीने परवानगी दिली. नव्या बियाण्याला आमचा विरोध नव्हता, आजही नाही. भांडण आहे ते परवानगीतल्या अटीशी.

अट अशी: बीटीभोवती साध्या कपाशीच्या 5 ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते. हेतू बरोबर होता. साध्या कपाशीवरचे पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुळले, तर विषाला न जुमानणारी अळी लवकर वाढत नाही. पण जमीन कोणाची धरून हा नियम केला?

1 एकराचा चौकोन घ्या. बाजू साधारण 208 फूट. ओळीत 4 फूट अंतर धरा. चारी बाजूंनी 5 ओळी म्हणजे 20 फुटांचा पट्टा गेला. आत उरते 168 बाय 168. म्हणजे एकरातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग अळीला द्यायचा! पाकिटात बीटी 450 ग्रॅम आणि साधे बी 120 ग्रॅम, म्हणजे 21 टक्केच. कंपनीच्या पुडीतूनच कंपनीची अट पुरी होत नव्हती. शेकडो एकरांचा अमेरिकन धनी तेव्हा लेखी करार करत होता, एक तुकडा वेगळा ठेवत होता, त्याचे निभत होते. कोरडवाहू 3 एकरवाल्याने ती पुडी नांग्या भरायला वापरली, तर त्यात कसली आली संस्कृती? तो हिशेब आहे.

आणि संस्कृतीच बघायची होती, तर कपाशीतल्या तुरीच्या ओळी बघायच्या होत्या. हिरवी बोंडअळी तुरीवरही वाढते, हे कृषी विद्यापीठातला पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल. गुलाबी अळीला मात्र कपाशीच लागते, तिथे तूर कामाची नाही. तिच्यासाठी साधे बी बीटीच्याच पाकिटात मिसळून देणे हा उपाय होता. त्याला परवानगी मिळेपर्यंत दहा-बारा वर्षांहून जास्त काळ गेला.

दरम्यान 2010 मध्ये कंपनीने गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचे जाहीर केले. कारणे दिली दोन: रेफ्युजी कमी लावली आणि परवानगीआधीचे बेकायदा बी पेरले. दोन्ही कारणांत आरोपी शेतकरीच! अटीच्या मापाबद्दल अवाक्षर नाही. 2017 मध्ये तीच अळी विदर्भ-मराठवाड्याच्या बोंडाबोंडांत निघाली, तेव्हा दुसरे बीटीही हरले होते.

आमची मागणी साधी आहे. पुढचे बियाणे येईल तेव्हा अट ठरवणाऱ्यांनी आधी कोरडवाहू शिवारात ओळी मोजाव्यात आणि रेफ्युजीत बुडणाऱ्या कापसाची भरपाई बियाण्याच्या किमतीतून वजा करावी. बैठकीला येताना घरात पडलेली जुनी पाकिटे आणि त्यांतली माहितीपत्रके घेऊन या. ती तालुकावार जमा करायची आहेत.