दुकानातला कॉम्प्युटर कधी बदलायचा?

शिलाई मशीनला तेल कधी घालायचे, रिक्षाचे टायर कधी बदलायचे, हे आपल्या घरातल्या कमावत्या माणसाला तोंडपाठ असते. दुकानातल्या कॉम्प्युटरचे तसे नसते. "भाईजान, अजून चालतोय ना?" म्हणत तो बंद पडेपर्यंत चालवायचा आणि बंद पडला की त्याच दिवशी, मिळेल त्या भावात, समोर येईल तो उचलायचा. छोट्या धंद्याला हीच रीत सर्वांत महाग पडते. म्हणून या महिन्यात हे गणित कागदावर मांडूया.

उदाहरणासाठी लग्नपत्रिका छापणारे, झेरॉक्स काढणारे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक दुकान घ्या. तिथे तीन कॉम्प्युटर आहेत. एकावर उर्दू-मराठी टायपिंग, दुसऱ्यावर फॉर्म आणि प्रिंट, तिसऱ्यावर बिले आणि हिशोब. वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा: कधी घेतला, कितीला घेतला, वॉरंटी कधी संपते, त्यावर कोणते काम चालते, आणि उद्या तो बंद पडला तर काय अडेल. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ज्याच्या बंद पडण्याने गिऱ्हाईक परत जाईल, त्याचा नंबर पहिला. तो सर्वांत जुना असेलच असे नाही.

आता वयाचा हिशोब. रोज दहा तास चालणाऱ्या कॉम्प्युटरचे आयुष्य साधारण पाच वर्षे धरावे. किंमत 40,000 रुपये धरली, तर 60 महिन्यांत महिन्याला सुमारे 667 रुपये होतात. तिन्हींचे मिळून 2,000. ही रक्कम भाडे आणि वीजबिलासारखी दरमहा बाजूला काढली, तर बदलायची वेळ येते तेव्हा पैसा तयार असतो. आपल्यापैकी ज्यांना व्याजाचे हप्ते नको असतात, त्यांच्यासाठी हाच सरळ रस्ता आहे. "नो कॉस्ट ईएमआय"च्या पाटीवर विसंबू नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना कळवले होते. अशा योजनेत व्याज बहुधा किमतीत किंवा न मिळालेल्या सवलतीत दडलेले असते.

तिन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी घेऊ नयेत. एकदम घेतलेले एकदमच म्हातारे होतात. दीड-दोन वर्षांच्या अंतराने एकेक बदलावा. नवा आला की तो सर्वांत महत्त्वाच्या कामाला लावायचा आणि तिथला जुना हलक्या कामाला सरकवायचा.

सध्या एक गोष्ट मात्र वयापलीकडे जाऊन पाहावी लागेल. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. कॉम्प्युटर चालू राहतो, पण वेगळी नोंदणी केल्याशिवाय सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. ज्या दुकानात लोकांची आधार कार्डे आणि बँक पासबुके स्कॅन होतात, तिथे हा धोका पत्करू नये. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा सोय, किमान 4 जीबी रॅम आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल, तर बहुतेक वेळा नकारच येतो. मायक्रोसॉफ्टचे "पीसी हेल्थ चेक" हे मोफत साधन चालवले की दोन मिनिटांत उत्तर कळते. होकार आला आणि कॉम्प्युटर फक्त संथ असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, रॅम 8 जीबी करा. थोड्या खर्चात दोन-तीन वर्षे निघतील. नकार आला, तर त्यावर मोठा खर्च करू नका.

नवा घेण्याआधी आपले सॉफ्टवेअर तपासा. इनपेज किंवा श्रीलिपीची जुनी आवृत्ती नव्या विंडोजवर चालते का, डोंगल लागत असेल तर ते जोडायला जागा आहे का, जुना प्रिंटर ओळखला जातो का, हे दुकानदाराकडे प्रत्यक्ष करून पाहा. वेळही निवडा. शाबानमध्ये आणि ईदनंतर शव्वालमध्ये निकाहांची गर्दी असते. पत्रिकांच्या त्या दिवसांत अदलाबदल नको. नवा आल्यावर जुना निदान पंधरा दिवस शेजारी चालू ठेवा.

बिल दुकानाच्या नावाने आणि तुमचा जीएसटी क्रमांक घालून घ्या. कॉम्प्युटरवर 18 टक्के जीएसटी आहे. तुम्ही कंपोझिशन योजनेत नसाल आणि नियमित कर भरत असाल, तर ती रक्कम विक्रीवरच्या करातून वळती करून घेता येते. पूर्ण हिशोब ठेवणाऱ्यांना आयकरात कॉम्प्युटरवर 40 टक्के घसारा मिळतो. त्या आर्थिक वर्षात तो 180 दिवसांपेक्षा कमी वापरला असेल, तर पहिल्या वर्षी निम्माच. म्हणजे मार्चच्या शेवटी घाईने घेण्यापेक्षा सप्टेंबरपर्यंत घेतलेला बरा. तुमच्या बाबतीत काय लागू होते ते आपल्या सीएला विचारा.

राहिला जुना कॉम्प्युटर. तो भंगारवाल्याला द्या किंवा भाच्याला अभ्यासाला द्या, पण आधी डिस्ककडे पाहा. फाइल डिलीट केली किंवा झटपट फॉरमॅट मारला म्हणून माहिती जात नाही. साध्या सॉफ्टवेअरने ती परत काढता येते. गिऱ्हाइकांची कागदपत्रे, मुलींचे फोटो, पत्ते, फोन नंबर ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. डिस्क पूर्ण पुसून घ्या, नाहीतर काढून स्वतःजवळ ठेवा. निकामी झालेले सामान नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या. त्यासाठीचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत.

आणि हिशोबाची एक प्रत दुकानाबाहेर असू द्या. आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढून ती घरी न्या. घरात हिशोब पाहणारी बहीण किंवा भाभी असेल, तर हे काम त्यांच्याकडे सोपवा. कॉम्प्युटर बाजारात पुन्हा मिळतो. कोणाकडून किती येणे आहे, ही यादी मिळत नाही.

या आठवड्यात खरेदी काहीच करू नका. फक्त ते पाच रकाने भरा.