आईच्या सरावाचे तास

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही एकामागून एक, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करायचे, याला ट्रायथलॉन म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये त्याचे अंतर १.५, ४० आणि १० किलोमीटर असते. नवख्यांसाठीची ‘स्प्रिंट’ स्पर्धा याच्या निम्मी असते. आयर्नमॅन ७०.३ मध्ये मात्र १.९ किलोमीटर पोहून ९० किलोमीटर सायकल मारायची आणि वर अर्धी मॅरेथॉन धावायची. ऑक्टोबर २०१९ मध्ये ही स्पर्धा गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. कोल्हापूरच्या राजाराम तलावावरही ट्रायथलॉन भरते. मुलांच्या आया अशा स्पर्धांत उतरल्या की बातमी होते, ‘सुपरमॉम’ असा मथळा पडतो आणि विषय तिथेच संपतो. या कौतुकात खरा प्रश्न बुजून जातो, असे आम्हाला वाटते.

बाळंतपणानंतर बाईचे शरीर अशा खेळाच्या कामाचे राहत नाही, ही समजूत आता टिकणारी नाही. स्वित्झर्लंडची ट्रायथलीट निकोला स्पिरिग २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकला सुवर्णपदक जिंकली तेव्हा तिला मूल नव्हते. २०१६ मध्ये रिओला रौप्यपदक घेतले तेव्हा ती एका मुलाची आई होती. टोकियोत ती सहावी आली, तेव्हा घरी तीन मुले होती. अमेरिकेची चेल्सी सोदारो २०२२ मध्ये हवाईतील आयर्नमॅन विश्वविजेती ठरली, मुलीच्या जन्मानंतर अवघ्या दीड वर्षाने. प्रसूतीनंतरच्या तीव्र चिंताविकाराबद्दलही ती मोकळेपणाने बोलली. पदकाइतकेच हे बोलणे मोलाचे आहे; कारण बाळंतिणीच्या मनाची विचारपूस आपल्याकडे अजून फार कमी होते.

शरीर परत येते, पण त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो. गरोदरपणात पोटाचे स्नायू मधोमध विलग होतात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात आणि सैल पडलेले सांधे बाळंतपणानंतरही काही काळ तसेच राहतात. म्हणून ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रसूतीनंतर किमान तीन महिने धावायला सुरुवात करू नये. त्याआधी चालणे, श्वासाचे आणि ओटीपोटाचे व्यायाम करावेत, आणि जखम भरून रक्तस्राव थांबल्यावर डॉक्टरांना विचारून पाण्यात उतरावे. धावताना लघवी निसटणे हे ‘बाळंतपणानंतर व्हायचेच’ म्हणून सोसण्याचे दुखणे नव्हे. त्यावर उपचार आहेत. रक्त तपासून घेणेही आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. लोह कमी असताना तासन्‌तास सराव केला तर दम वाढत नाही, थकवा तेवढा वाढतो.

हे सगळे जमवता येते. जमत नाही तो वेळ. ऑलिम्पिक अंतराची साधी तयारी करायची तरी आठवड्याला सहा-आठ तास लागतात, आणि तेही सलग, हमखास मिळणारे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुलांची आणि म्हाताऱ्यांची काळजी याशिवाय. आईचा सराव म्हणूनच पहाटे चारला, सगळे झोपलेले असताना सुरू होतो, आणि डब्याच्या पोळ्यांआधी संपवावा लागतो. मथळे याला जिद्द म्हणतात. आम्हाला त्यात रोज कापली जाणारी झोप दिसते. झोप कापली की दुखापत वाढते, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल.

घरानंतर प्रश्न येतो वस्तीचा. मुंबईतल्या चेंबूरचेच उदाहरण घ्या. इथे महापालिकेचा जनरल अरुणकुमार वैद्य तरण तलाव आहे, म्हणजे पाण्याच्या बाबतीत हे उपनगर अनेकांहून भाग्यवान. सायकलचे तसे नाही. २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग सुरू झाला. तो इथूनच शहराकडे निघतो, पण त्यावर दुचाकींना बंदी आहे, तिथे सायकलला कुठली जागा? उरतो सायन-पनवेल महामार्ग आणि वाशीचा खाडीपूल ओलांडून पाम बीच रोड. अंधारात, टँकर आणि ट्रेलरच्या शेजारून तिथवर जायचे. घरी लहान मूल असलेली बाई हा धोका पत्करताना दहा वेळा विचार करणार, आणि तिने तो करावाच. परिणामी ट्रायथलॉनचा सर्वांत लांब टप्पा बैठकीच्या खोलीत, स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलवर घामाघूम होऊन पुरा होतो. ज्यांच्याकडे तेवढी खोली आणि तेवढे पैसे आहेत, त्यांचाच. राहिले धावणे. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या बाजूची हवा कशी असते, हे चेंबूरकरांना सांगायला नको. पळणाऱ्याची छाती तीच हवा कितीतरी पटीने आत ओढते.

करता येण्याजोग्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. तरण तलावात मुलांच्या शिकवणीच्या वेळीच दोन लेन मोठ्या बायकांसाठी राखल्या, तर मुलाला सोडायला आलेली आई बाकावर मोबाइल पाहत बसण्याऐवजी त्याच तासात पोहू शकेल. रविवारी सकाळी दोन-तीन तास एखादा लांब रस्ता वाहनांना बंद ठेवणे पोलिसांना अवघड नाही. मॅरेथॉनसाठी ते अर्धी मुंबई अडवतातच. नोंदणीनंतर गरोदर राहिलेल्या स्पर्धक स्त्रीचे शुल्क पुढच्या वर्षासाठी धरणे, हा नियम प्रत्येक संयोजकाने लेखी ठेवावा. नोंदणी रद्द होऊन गेलेले हजारो रुपये म्हणजे तिला परत न येण्याचा इशाराच असतो. तिघांनी मिळून एकेक टप्पा करायच्या रिलेला स्पर्धांत जास्त जागा द्याव्यात. धावता येणारी पण पोहता न येणारी आई तिथून सुरुवात करू शकते.

घरातला हिशेब मात्र महापालिका सोडवू शकत नाही. बायकोच्या स्पर्धेच्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन उभा राहणारा नवरा फोटोत चांगला दिसतो. तिला तो मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी साडेपाच ते सात हवा आहे: मुलाला उठवायला, दूध तापवायला, डबा भरायला, आणि ‘तो कुठे ठेवलाय’ असे विचारायला तिला फोन न करता.