नांगराला परवाना लागत नसे

मागल्या पावसाळ्यात एका परिवहन कार्यालयाच्या वळचणीला उभा असताना शेजारच्या चाळिशीतल्या इसमाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन वस्तू काढून माझ्यापुढे धरल्या: एक तुरुंगातून सुटल्याचा दाखला, आणि दुसरा, त्या तुरुंगवासातच मुदत संपून गेलेला वाहनपरवाना. "साहेब, अकरा वर्षं टेम्पो चालवला, आता म्हणतात परत आठ काढून दाखव," तो म्हणाला, आणि त्याच्या स्वरात तक्रारीपेक्षा नवलच अधिक होते.

परवान्याची मुदत सरून वर्ष उलटले की चाचणी पुन्हा द्यावी लागते, असा 2019 च्या दुरुस्तीपासूनचा नियम आहे आणि तो वाजवीच आहे. हाताची सवय मोडते. खरी अडचण पुढे, रिक्षाच्या बिल्ल्यापाशी, येते. त्यासाठी पोलिसांची चारित्र्यपडताळणी लागते, आणि ज्याने न्यायालयाने ठोठावलेली शिक्षा दिवसागणिक भोगून संपवली, त्याचे भवितव्य एखाद्या दप्तरातील एका ओळीच्या शेऱ्यावर लोंबकळत राहते. वास्तविक मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 19 ची भाषा पुष्कळच संयत आहे: तेथे अपात्रतेचा उल्लेख आहे तो सराईत गुन्हेगाराचा, एकदा घसरलेल्या प्रत्येकाचा नव्हे, शिवाय त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, कारणे लेखी नोंदवावीत, आणि हुकमाविरुद्ध 30 दिवसांत अपिलाची मुभा असावी, इतकी तजवीज संसदेने करून ठेवली आहे.

स्त्रियांवरील अत्याचाराबद्दल शिक्षा भोगलेल्याच्या हाती रात्रीची प्रवासी रिक्षा देऊ नये, हे मला मान्य आहे. परंतु सिमेंटच्या गोण्या वाहणाऱ्या टेम्पोला तोच निकष लावणाऱ्या मालकांचे भय मला अनाकलनीय वाटते. अमेरिकेतील बंदरांवर सोबतीवाचून वावरण्यास जे ओळखपत्र लागते, त्याच्या नियमांत बहुतेक गंभीर गुन्ह्यांसाठी दोषी ठरल्यापासून 7 आणि सुटल्यापासून 5 वर्षांची मुदत घातलेली आहे. खुनासारखा गुन्हा कायमचा अपात्र ठरवतो खरा, पण त्यातही सवलतीचा अर्ज करता येतो, आणि हेरगिरी, राजद्रोह असे मोजकेच गुन्हे तेवढे त्या सवलतीबाहेर आहेत. नियम कडक आहे, पण किती वर्षे थांबायचे हे त्या माणसाला ठाऊक असते.

आपल्याकडे 1939 साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत वसवून कैद्यांच्या हाती नांगर दिला, आणि त्याच प्रयोगावरून पुढे माडगूळकरांच्या कथेतून व शांतारामबापूंच्या दिग्दर्शनातून 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट साकारला. नांगराला परवाना लागत नसे. आज सुटलेल्या माणसाला शेत नसते, असलाच तर कुणाचा तरी टेम्पो असतो. म्हणून शिक्षेच्या अखेरच्या सहा महिन्यांतच त्याच्या परवान्याचे कागद तयार व्हावेत, मोटार वाहन निरीक्षकाने खुल्या कारागृहाच्या मैदानात चुन्याने आठ आखून तिथेच चाचणी घ्यावी, आणि पडताळणीच्या अहवालात गुन्ह्याच्या कलमाशेजारी शिक्षा पुरी झाल्याची तारीखही लिहावी. नकार द्यायचाच, तर त्याचे कारण आणि पुन्हा अर्ज करण्याचे वर्ष त्याच कागदावर असावे, म्हणजे पिशवीत ठेवायला त्याच्यापाशी निदान तेवढा तरी कागद राहील.