रूट कॅनॉल : खरी लढाई लपलेल्या जिवाणूंशी

रूट कॅनॉल केलेला दात काही वर्षांनी पुन्हा ठणकू लागला, की रुग्ण दोष देतो तो भरलेल्या सिमेंटला किंवा कॅपला. ती कारणेही असतात. पण मूळ दुखणे बहुधा वेगळे असते. दाताच्या आत जिवाणू शिल्लक राहिलेले असतात किंवा नव्याने शिरलेले असतात.

दाताचे मूळ म्हणजे सरळ पोकळ नळी नव्हे. तिला फाटे असतात, वळणे असतात. २००१ मध्ये झुरिचमधील संशोधकांनी सूक्ष्म सीटी स्कॅनने पाहिले, तेव्हा कोणत्याही पद्धतीने साफसफाई केली तरी नलिकेच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग उपकरणांच्या स्पर्शाविनाच राहत असल्याचे दिसले. शिवाय भिंतीत जेमतेम एक ते तीन मायक्रॉन रुंदीच्या असंख्य सूक्ष्मनलिका असतात. एन्टरोकॉकस फीकॅलिससारखा चिवट जिवाणू तिथे दडून उपासमारीतही तग धरतो.

म्हणून फाइल नलिकेला आकार देते, पण निर्जंतुकीकरणाची खरी भिस्त असते द्रावणावर. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपल्या ओळखीच्या ब्लीचमधलेच रसायन, जिवाणू मारते आणि मृत ऊतीही विरघळवते. घासल्याने भिंतीवर बसलेला भुशाचा थर ईडीटीए काढते. अल्ट्रासॉनिक कंपनांनी द्रावण ढवळले, तर ते कानाकोपऱ्यांत अधिक चांगले पोहोचते. मात्र हायपोक्लोराइट मुळाच्या टोकापलीकडे गेले, तर तीव्र वेदना आणि सूज येते. इथे घाई उपयोगाची नाही.

या मर्यादेवर उपाय म्हणून २०२२ मध्ये बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी आणि तिथल्याच थेरानॉटिलस या नवउद्योगाने चुंबकीय नॅनोबॉट पुढे आणले. लोहाचा मुलामा दिलेले हे सिलिकाचे सूक्ष्म मळसूत्र चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने सूक्ष्मनलिकांत सुमारे २००० मायक्रॉन, म्हणजे दोन मिलिमीटर खोल गेले आणि उष्णतेने त्यांनी जिवाणू मारले. पण हे प्रयोग काढलेल्या दातांवर झाले. सुरक्षिततेची चाचणी उंदरांवर झाली. प्रयोगशाळा आणि दवाखान्यातली खुर्ची यांत बरेच अंतर असते.

तोवर जुन्या, साध्या गोष्टींकडे दुर्लक्ष परवडणारे नाही. दाताभोवती ताणून बसवायचा रबर डॅम १८६४ पासून माहीत आहे. तो लाळेतले जिवाणू बाहेर आणि रसायन आत ठेवतो. तरीही तो लावण्याचा कंटाळा अनेक ठिकाणी केला जातो. उपचारानंतर कॅप लांबणीवर टाकली, तर गळक्या भरावातून जिवाणू परत आत शिरतात. ही चूक बहुधा रुग्णाची असते.

रूट कॅनॉलचा खर्च विचारताना डॉक्टरांना आणखी दोन प्रश्न विचारावेत : रबर डॅम लावणार का आणि कॅप कधी बसवायची? दाताचे आयुष्य त्यांच्या उत्तरांवर बरेचसे अवलंबून असते.