पल्लवग्राही वैद्यक : एक आत्मपरीक्षण

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण खरी आहे, परंतु तिच्यामुळे एक गैरसमज दृढ झाला आहे. उथळपणा आवाजावरून ओळखावा, आणि जो अबोल, गंभीर व अनुभवी तो आपोआपच खोल, असे आपण गृहीत धरतो. वैद्यकव्यवसायात हे गृहीत रुग्णाच्या जिवाशी खेळणारे ठरू शकते.

आवाज करणाऱ्यांचा समाचार चरकसंहितेने घेतलेलाच आहे. सूत्रस्थानाच्या ३० व्या अध्यायात अशा वादपटूंना ‘पाल्लविक’ म्हटले आहे. वृक्ष सोडून पालवीवर समाधान मानणारे. एकाएकी उडून खळबळ माजवणाऱ्या वर्तक पक्ष्यांची उपमा त्यांना दिली आहे आणि त्यांची परीक्षा घेण्यासाठी तंत्र, स्थान, अध्याय, प्रश्न व या प्रत्येकाचा अर्थ असे आठ प्रश्न सांगितले आहेत. एका काढ्याने दहा व्याधी बऱ्या करून दाखवणारी आजची मंडळी याच वर्गातली. त्यांची मला फारशी चिंता वाटत नाही. रुग्ण त्यांना आज ना उद्या ओळखतातच.

मला चिंता वाटते ती विमानस्थानाच्या ७ व्या, व्याधितरूपीय अध्यायात वर्णिलेल्या वैद्याची. तेथे दोन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत. एकाचा व्याधी गंभीर, परंतु सत्त्व, बल व शरीर उत्तम असल्यामुळे तो किरकोळ आजारी दिसतो. दुसऱ्याचा व्याधी लहान, परंतु सत्त्वादी हीन असल्यामुळे तो अत्यवस्थ भासतो. अकुशल वैद्य केवळ डोळ्यांनी रूप पाहून निश्चय करतो आणि दोन्हीकडे फसतो. पहिल्याला मृदू शोधन देऊन त्याचे दोष अधिकच उदीर्ण करतो, तर दुसऱ्याला तीक्ष्ण शोधन देऊन त्याचे शरीर क्षीण करतो. या वैद्याला ग्रंथ ठाऊक नाही असे आचार्य म्हणत नाहीत. त्याचे पाहणे पहिल्याच थरावर थांबते, एवढाच त्याचा दोष.

हा वैद्य मी स्वतः होतो, हे आता सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी साठीच्या घरातील एक हमाल माझ्याकडे आले. पिळदार शरीर, हसतमुख चेहरा. “जरा जळजळतंय छातीत. बाकी काय न्हाय,” एवढीच तक्रार. बाहेर १५-२० रुग्ण खोळंबले होते. मी नाडी पाहिली, जीभ पाहिली, केसपेपरवर ‘अम्लपित्त’ लिहिले, सूतशेखर व अविपत्तिकर चूर्ण ७ दिवसांसाठी दिले आणि तिखट व शिळे वर्ज्य करण्यास सांगितले. पाचव्या दिवशी पाठीवर गोणी असतानाच ते कोसळले. हृदयविकाराचा तीव्र झटका होता. वेळेवर रुग्णालयात पोहोचल्यामुळे प्राण वाचले, हमाली मात्र कायमची सुटली.

पुढे भेट झाली तेव्हा मी सविस्तर विचारले. जळजळ जेवणानंतर होत नव्हती. गोणी घेऊन गोदामाच्या पायऱ्या चढताना ती सुरू होई आणि घटकाभर बसले की थांबे. “हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?” या माझ्या प्रश्नावर ते संकोचून म्हणाले, “तुमी इचारलं न्हाई, डाक्टर.”

उपशय-अनुपशय या विषयावर मी विद्यार्थ्यांसमोर तासभर बोलू शकतो. श्रमाने वाढणारी व विश्रांतीने शमणारी छातीतील जळजळ अम्लपित्ताची समजू नये, तो रुग्ण तत्काळ ईसीजीसाठी पाठवावा, हेही मला ठाऊक होते. दशविध परीक्षेत व्यायामशक्तीची परीक्षा कर्मशक्तीवरून करावी असे सांगितले आहे. हमाल म्हटल्यावर ती प्रवर असणारच, असे मी न विचारताच ठरवून टाकले. केवळ शरीर पाहून बलाविषयी मोह होऊ नये यासाठी विमानस्थानाच्या ८ व्या अध्यायात भार वाहून नेणाऱ्या मुंगीचा दाखला दिला आहे. तो कृश माणसाला दुर्बळ समजू नये म्हणून आहे, आणि मी नेहमी तेवढ्यापुरताच शिकवत आलो होतो. पुष्ट दिसणाऱ्याला बलवान समजू नये, हे त्याच परिच्छेदात लिहिलेले आहे.

वेळ नसतो, हे आपले नेहमीचे उत्तर. गर्दी खरी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ‘केव्हा होते?’ आणि ‘कशाने थांबते?’ या दोन प्रश्नांना अर्धे मिनिट पुरले असते. मला गर्दीने अडवले नव्हते. पंचवीस वर्षांच्या अनुभवाने रुग्ण दारातून आत येतानाच निदान माझ्या मनात तयार झाले होते.

आता या सवयीला नवे साधनही मिळाले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘देश का प्रकृति परीक्षण’ अभियानात मोबाइलवरील प्रश्नावलीच्या साहाय्याने १ कोटीहून अधिक लोकांची प्रकृती नोंदवली गेली. आपल्यापैकी अनेकांनी त्यात मनापासून श्रम केले आणि आयुर्वेद घराघरांत पोहोचला याचा मला आनंदच आहे. मात्र तेव्हापासून “मी वातपित्तप्रकृतीचा आहे” असे सांगत येणारा रुग्ण आणि ते उत्तर जसेच्या तसे केसपेपरवर उतरवणारा वैद्य, असे दोघेही मी पाहतो आहे. दशविध परीक्षेत प्रकृती पहिली आहे. उरलेल्या नऊ परीक्षा त्या प्रश्नावलीत नाहीत, आणि रुग्णाची विकृती तर ती विचारतच नाही.

आपल्या मासिक सभांत व या त्रैमासिकात यशस्वी चिकित्सेचेच अनुभव येतात. फसलेले निदान कोणी मांडत नाही. मीही इतकी वर्षे मांडले नाही. माझी संपादक मंडळास विनंती आहे की, पुढील अंकापासून रुग्णाची ओळख न देता चुकलेल्या निदानांसाठी एक पान राखून ठेवावे. पहिला केसपेपर माझा घ्यावा. त्यावर निदानाच्या रकान्यात एकच शब्द आहे आणि त्याखालची सगळी जागा कोरी आहे.