पंगतीला कोणाला बोलवाल?

हयात असो वा नसो, नामवंतांपैकी कोणाही एकाला आपल्या घरी जेवायला बोलावता आले तर तुम्ही कोणाला बोलवाल? चार माणसे जमतील तिथे हा प्रश्न टाकून पाहा. पहिले नाव शिवाजी महाराजांचे येते, मग बाबासाहेब, मग लतादीदी नाहीतर सचिन. आमच्या म्हसवडात एखादा वाचणारा माणूस शेजारच्या माडगुळ्याच्या माडगूळकर बंधूंचे नाव घेतो. मला स्वतःला औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचा मोह होतो. पण सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेला तो राजा पानावर बसण्यापूर्वी यजमानालाच नमस्कार घालायला लावील, अशी धास्ती वाटते.

तेव्हा मी दुसरे नाव निवडले आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पुष्कळ वाचकांनी हे नाव ऐकलेही नसेल. हे गृहस्थ आपल्याच जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले. म्हणजे आपल्यासारखेच दुष्काळी पट्ट्यातले. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळला. जगात किती माणसे अर्धपोटी झोपतात याचा हिशेब मांडणे हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर ते पुण्याला परतले आणि 1997 साली तिथेच वारले. माणूस औषधाचा डॉक्टर नव्हे, पण आहारावर त्यांनी जे लिहिले ते आम्हा औषधवाल्यांनी रोज उशाला घेऊन झोपावे असे आहे.

त्यांना बोलावण्याचे पहिले कारण आमच्या औषधाच्या दुकानांत फळीवर मांडलेले आहे. प्रोटीन पावडरचे डबे! तालमीतली पोरे घेतात ते एक वेळ सोडून देऊ. पण आजारातून उठलेल्या म्हाताऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी, अंगाने न भरलेल्या मुलासाठी उसनवारी करून डबा नेणारी माणसे मी पाहतो. ही चिंता काही आजची नाही. 1960 च्या दशकात साऱ्या जगात अशीच ओरड होती की गरीब देशांत प्रथिनांचा दुष्काळ पडला आहे, तेव्हा प्रथिनांची वेगळी पूड, वेगळे पीठ तयार करून लोकांना खाऊ घाला. सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितले की भारतातल्या गरिबाच्या ताटात मुख्य तूट प्रथिनांची नाही, एकूण अन्नाचीच आहे. धान्य आणि डाळ पोटभर मिळाली तर प्रथिने त्यातूनच येतात. पोट अर्धे राहिले की शरीर त्याच प्रथिनांचे जळण करते. चुलीत सरपण नसले तर माणूस घराचा वासा काढून जाळतो, तसाच हा प्रकार.

हिशेब करून पाहा. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात सुमारे साडेतीनशे उष्मांक आणि सुमारे 11 ग्रॅम प्रथिने असतात. एका मोठ्या भाकरीला एवढे पीठ धरले तर दिवसभरातल्या तीन भाकरींतून 33 ग्रॅम प्रथिने झाली. वाटीभर मटकीची उसळ 8 ग्रॅम देते, मूठभर शेंगदाणे 6. बेरीज 47. पंचावन्न किलो वजनाच्या बाईची रोजची गरज पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास. (गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची गरज यापेक्षा जास्त असते, तिचा हिशेब वेगळा करावा.) डबा कुठे लागला? तूर, मटकी, हुलगा, शेंगा हे सारे आपल्याच रानातले. एका डब्याच्या किमतीत घरातल्या सगळ्यांना महिनाभर पुरेल एवढी मटकी येते. पण डब्यावर पिळदार दंडाचे चित्र असते आणि मटकीच्या पोत्यावर नसते.

दुसरे कारण पाण्याचा हंडा. सुखात्मे आमच्या घरी आले तर ताटाइतकीच हंड्याची आणि मोरीची चौकशी करतील, याची मला खात्री आहे. खाल्लेले अन्न अंगी लागणे ही वेगळी गोष्ट आहे, असे ते वारंवार मांडत. पोटात जंत असतील, पोर महिन्यातून दोनदा जुलाबाने झोपत असेल, तर चांगले खाऊनही ते वाळतच जाणार. म्हणून आहाराच्या प्रश्नात ते स्वच्छ पाणी आणि शौचालय यांनाही ओढून आणत. आपला मुलूख पर्जन्यछायेतला. पुरे पाणीच मिळत नाही तिथे स्वच्छ पाण्याचे बोलणे चैनीचे वाटते हे मलाही कळते. टँकरचे पाणी टाकीत, टाकीतले हंड्यात, हंड्यातले तांब्यात आणि तांब्याबरोबर बोटेही पाण्यात, असा त्याचा प्रवास. उन्हाळ्यात माझ्याकडे जुलाबाची मुले येतात ती बहुधा याच वाटेने. लांब दांड्याचे ओगराळे हंड्यापाशी टांगून ठेवायला किती खर्च येतो?

इथवर सुखात्म्यांचे आणि माझे जमते. वाद पुढे आहे, आणि खरे सांगायचे तर त्या वादासाठीच मला ते जेवायला हवे आहेत.

1971 साली डॉ. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. दांडेकरही साताऱ्याचेच. माणशी रोज 2250 उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, अशी मोजपट्टी त्यांनी धरली. सुखात्म्यांना ती पटली नाही. त्यांचे म्हणणे असे की एकच निरोगी माणूस तेच काम करत असताना एका आठवड्यात कमी खातो, दुसऱ्यात जास्त. शरीर त्या मानाने आपला खर्च जुळवून घेते. तेव्हा सरासरी गरज हीच किमान गरज मानली, तर धडधाकट माणसेही उपाशी म्हणून मोजली जातील. 1981 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात दोघांची या विषयावर जुंपली होती. एक बुधचा, एक साताऱ्याचा, आणि वाद साऱ्या देशाच्या भुकेचा. साताऱ्याच्या पाण्याची तारीफ करावी तेवढी थोडी!

शरीर काही प्रमाणात जुळवून घेते हे खरे आहे, ते मीही नाकारत नाही. मेंढरांमागे दिवसभर चालणारा धनगर आणि गल्ल्यावर बसलेला दुकानदार यांना एकच आकडा लावणे चुकीचे, हेही मान्य. पण जुळवून घेण्याची किंमत कोण मोजते? माझ्याकडे येणाऱ्या बाया बघा. डोळ्याची खालची पापणी ओढली तर आत पांढरीफटक, रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात नाहीतर आठ. बारापर्यंत तरी हवे. विचारले की सांगतात, “मला काय धाड भरलीया? चढावर जरा दम लागतो, त्याची सवय झाली.” या सवयीवर ती बाई विहिरीवर जाते, खुरपते, धारा काढते, तीन पोरांचे करते. आकडेवाल्याच्या वहीत तिच्या शरीराने जुळवून घेतलेले असते. बाळंतपणात थोडे रक्त जास्त गेले की त्या जुळवणीचा हिशेब बाहेर येतो, आणि तो कधी कधी जीव घेऊन मिटतो. 2019 ते 21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे 54 जणींचे रक्त कमी आढळले. एवढ्या जणींना सवय झाली आहे म्हणायचे काय?

शिवाय घराचे उष्मांक आणि घरातल्या बाईचे उष्मांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी पीठ किती आले यावरून सरासरी निघते. पण टोपल्यातल्या भाकरी सरासरीने वाटल्या जात नाहीत. आधी घरधनी, मग मुलगे, मग मुली, आणि तव्यावरची शेवटची जी उरेल ती हिची. कोरड्यास संपले असेल तर चटणी-कांदा. वर तीन भाकरींचा हिशेब मी मोठ्या ऐटीत मांडला, पण तिच्या वाट्याला त्यातली दीडच येते. बाहत्तरच्या दुष्काळात कामावर सुकडी मिळायची तेव्हा तीही घरी पोरांसाठी पदरात बांधून नेणाऱ्या बाया होत्या, असे जुनी माणसे सांगतात. हे सुखात्म्यांना ठाऊक नसेल असे मी म्हणत नाही. दुष्काळी गावातला माणूस, आईला शेवटी जेवताना त्याने पाहिले असणारच. मला फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचे आहे की या बाईला ते कोणत्या रकान्यात घालतात.

म्हणून बेत असा आहे. बाजरीची भाकरी, मटकीची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि सुरुवातीला वाटीभर हुलग्याचे माडगे. दुष्काळातले खाणे म्हणून माडग्याला नाक मुरडणारी नवी पिढी वाढली आहे, पण त्यात प्रथिनेही असतात आणि लोहही. प्रत्येकाच्या ताटात लिंबाची फोड हवी, कारण लिंबाने धान्याकडधान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. पाणी उकळून गार केलेले. पंगत एकच. स्वयंपाक करणारी बाई पाहुण्यांच्या शेजारच्या पाटावर बसेल आणि वाढण्याचे काम मी करीन. ती गरोदर असेल तर चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे लोहाच्या 180 गोळ्या सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतात, त्या तिने खाल्ल्या की फडताळात ठेवल्या, हेही तिथेच विचारून घेईन. (शौचाला काळे होते म्हणून गोळ्या फेकून देऊ नयेत, ते लोहामुळे होते, त्यात अपाय नाही.)

हात धुतल्यावर डॉक्टरसाहेबांना चहाची तलफ आली तर मात्र तासभर थांबावे लागेल. जेवणावर लगेच घेतलेला चहा ताटातल्या लोहाची वाट अडवतो.